चाकणच्या इंजिनवाल्यांनो, एकदा ऑइलचं झाकण उघडून बघा

प्रति,
चाकण, पिंपरी आणि जिथे कुठे हायब्रीड गाड्यांची इंजिनं डिझाईन होतात तिथले सगळे इंजिनिअर लोक

विषय : बॅटरी चार्ज करायचं इंजिन चाकं ढकलायच्या इंजिनासारखं बनवू नका याबद्दल

स.न.वि.वि.

पत्रास कारण की मागच्या जुलैत आमच्या गॅरेजवर एका गुरुजींची हायब्रीड गाडी आली, दीड वर्ष जुनी, रनिंग अगदी कमी, तक्रार काहीच नाही, सर्व्हिसिंगला म्हणून आली होती. मी सवयीने ऑइलचं झाकण उघडलं तर आत पिवळट फेस, घुसळलेल्या ताकावर लोणी यावं तसा. तीस वर्षं पाना हातात असलेल्या माणसाला असा फेस दिसला की पहिला संशय हेड गॅस्केटवर (कूलंटचं पाणी ऑइलमध्ये जाऊ न देणारं पॅकिंग), पण कूलंट बघितलं तर लेव्हल जागेवर, प्रेशर लावून ठेवलं अर्धा तास तरी काटा हलला नाही, म्हणजे गॅस्केट ठणठणीत. मग गुरुजींना विचारलं की गाडी जाते कुठे, तर म्हणाले घर ते शाळा पाच किलोमीटर आणि परत पाच, बस्स, आणि इंजिन तर मला ऐकूच येत नाही हो, मधेच दोन मिनिटं घुरघुरतं आणि गप्प होतं, मस्त गाडी आहे. तिथेच उत्तर मिळालं मला.

पेट्रोल जळलं की धूर होतो हे सगळ्यांना माहीत असतं पण पाणी होतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफ होऊन सायलेन्सरने निघून जातं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. इंजिन तापलेलं असेल तर ते परत उडून जातं. पण दोन मिनिटं चालून बंद, परत अर्ध्या तासाने दोन मिनिटं, असं चाललं तर ऑइल कधी तापतच नाही, पाणी आत साचतं, न जळलेलं पेट्रोलही ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होत जातं. त्यात आमचा जुलै. इथे भिंतीला बुरशी येते, कपाटातल्या चपलांना येते, तिथे थंड इंजिनाची काय कथा.

मी गुरुजींना सांगितलं की दर रविवारी गाडी रत्नागिरीपर्यंत नेऊन आणा, तेवढं ऑइल तापू दे. ते हसले, म्हणाले म्हणजे पेट्रोल वाचवायला घेतलेल्या गाडीचं इंजिन वाचवायला मी पेट्रोल जाळायचं का. काय उत्तर देणार मी? तुम्हीच द्या, म्हणून हे पत्र.

हायब्रीडला माझा विरोध नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लगेच म्हणाल गॅरेजवाल्याला जुन्या गाड्याच पाहिजेत. उलट कोकणासारख्या भागाला बॅटरीवर चालणारी आणि बॅटरी संपली की छोट्या इंजिनाने स्वतःच चार्ज होणारी गाडी हीच खरी गाडी आहे असं माझं मत आहे. रोजचं जाणं-येणं पाच-दहा-पंधरा किलोमीटर, ते घरच्या प्लगवर होऊन जातं, आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला हॉस्पिटलला किंवा मुंबईला पोराकडे जायचं तर इंजिन आहेच. माझं भांडण त्या इंजिनाशी आहे.

आता ही कल्पना काही नवीन नाही आणि आम्हा कोकणातल्या लोकांना तर अजिबातच नाही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आली, मधली चोवीस वर्षं जी डिझेल इंजिनं आमच्या बोगद्यांतून धावली त्यांचं डिझेल इंजिन चाकाला जोडलेलंच नव्हतं. डिझेल इंजिन फिरवायचं अल्टरनेटर, ती वीज जायची खाली मोटरला आणि मोटर फिरवायची चाकं. ड्रायव्हरकडे गिअर नाहीत, आठ नॉच म्हणजे पायऱ्या, प्रत्येक नॉचला इंजिनाचा वेग ठरलेला. बॅटरीत साठवण्याची सोय तेवढी नव्हती, म्हणून क्रॉसिंगला थांबली की तास-तास धडधडत उभी राहायची, आणि ते डिझेल फुकट जायचं. तुम्ही त्यात बॅटरी घातलीत, इतकाच फरक.

इंजिनाला एक जागा असते जिथे ते खूश असतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारा, तो तुम्हाला ग्राफ काढून दाखवणार नाही पण ट्रॉलरचं इंजिन किती आरपीएमला ठेवलं की डिझेल कमी पितं आणि बोट पण चालते हे त्याच्या कानाला कळतं. पेट्रोल इंजिनाचंही तेच, मध्यम आरपीएम आणि बऱ्यापैकी लोड, त्या टापूत आजचं चांगलं इंजिन पेट्रोलमधली चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावतं, आणि तेच हलक्या लोडवर चालवलं तर वीस टक्के, आयडलला तर शून्यच. हिशोब सोपा आहे, लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, चाळीस टक्क्यांनी साडेतीन युनिट हाताला लागतात, जनरेटर आणि इन्व्हर्टरचं नुकसान धरलं तर सव्वातीन म्हणू, युनिटला सात किलोमीटर गाडी गेली तर बावीस-तेवीसचं ॲव्हरेज. इंजिन हलक्या लोडवर रेंगाळलं तर त्याचं निम्मं.

याचा सगळ्यात चांगला धडा मला जून २०२० मध्ये मिळाला. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं आणि दापोली-मंडणगडकडे पोल असे आडवे झाले की कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. माझी बहीण तिकडे असते, तिच्याकडे मी एक पेट्रोल जनरेटर घेऊन गेलो होतो, अडीच केव्हीएचा. रात्रभर चालवला. त्याच्यावर काय होतं तर दोन पंखे, चार एलईडी बल्ब आणि अख्ख्या वाडीचे तीसेक मोबाईल. सगळं मिळून अडीचशे वॅटसुद्धा नसेल, म्हणजे जनरेटरच्या दहाव्या हिश्शाइतकाही लोड नाही, पण पेट्रोल मात्र तहानलेल्या बैलासारखं ओढत होता. पहाटे कॅन उलटा करून बघितला आणि ठरवलं, दुसऱ्या दिवशी पंपहाऊसची मोटर, वरच्या घरातला फ्रिज आणि दोन इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या एकदम जोडल्या, जनरेटर चार तास भरपूर लोडवर चालवला आणि रात्री तो बंद ठेवून सगळं त्या बॅटऱ्यांवर काढलं. पेट्रोल निम्म्याच्या आत आलं. बहिणीचे यजमान म्हणाले तू कॉलेजला गेला असतास तर इंजिनिअर झाला असतास. असो.

तर तेच तुम्हाला सांगतोय, इंजिन कमी वेळा चालू होऊ दे, पण झालं की नीट लोडवर, तापून, वीस-पंचवीस मिनिटं सलग चालू दे आणि मग बंद कर.

आता तुम्ही म्हणाल आम्हाला हे माहीत आहे. माहीत आहेच, निस्साननेच २०२१ मध्ये जाहीर केलं की बॅटरी चार्ज करायच्या इंजिनात ते पन्नास टक्क्यांपर्यंत पोचलेत, पण त्या बातमीच्या आत वाचा, नुसत्या ईजीआरने (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडायचा) त्रेचाळीस, हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा लीन मिक्श्चरने सेहेचाळीस, आणि पन्नास तेव्हाच जेव्हा इंजिन ठरलेल्या एकाच आरपीएमला, एकाच लोडला चालवलं आणि वाया जाणारी उष्णताही परत वापरात घेतली. म्हणजे शेवटचे ते टक्के एका जागी निवांत चालायला मिळण्याचे पण आहेत. आणि निवांतपणा देतं कोण? बॅटरी देते.

इथेच सगळी गोम आहे. आपल्याकडे २०२२ पासून ज्या स्ट्रॉंग हायब्रीड (थोडं अंतर नुसत्या मोटरवर जाणाऱ्या) विकल्या जातायत त्यातल्या काहींची बॅटरी पाऊण युनिटची आहे, पाऊण! त्यातलं वापरता येतं समजा अर्ध्याहून कमी, तीनेक दशांश युनिट. अशा बॅटरीला नुसतं चार्जिंगचं वीस किलोवॅटचं इंजिन जोडलं आणि गाडी साठच्या स्पीडने सपाट रस्त्यावर चाललीय, तिला लागतात पाच-सहा किलोवॅट, उरलेले चौदा-पंधरा बॅटरीत, तर बॅटरी सव्वा मिनिटात फुल्ल. इंजिन बंद. तीन-चार मिनिटांनी परत चालू. सांगा, कधी तापणार ते? (या गाड्यांत इंजिन चाकालाही जोडलेलं असतं म्हणून तिथे गाडा चालून जातो, ती वेगळी सिस्टीम, पण गुरुजींच्या पाच किलोमीटरमध्ये शेवटी व्हायचं तेच होतं.) त्याच जागी दहा-बारा युनिटची बॅटरी द्या, इंजिन वीस मिनिटं सलग चाललं तरी पाच युनिट भरतात, जागा शिल्लक राहते, आणि गुरुजींची शाळा तर आख्खा आठवडाभर पेट्रोलशिवाय होते. माझदाने २०२३ मध्ये एमएक्स-३० ची जी गाडी दाखवली तिला १७.८ युनिटची बॅटरी आणि ८३० सीसीचं एकाच रोटरचं रोटरी इंजिन आहे, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते. रोटरी लहान असतं, थरथरत नाही, हे मान्य, पण त्याच्या लांबट चेंबरमध्ये उष्णता भिंतींना फार जाते आणि कडेच्या सीलांचं दुखणं जुनंच आहे, आणि रोटरी उघडून परत बसवणारा माणूस मुंबईपासून गोव्यापर्यंत मला तरी माहीत नाही, त्यामुळे ते इकडे आणू नका ही विनंती.

बॅटरी मोठी झाली की इंजिन लहान होऊ शकतं, आणि मग खरी मजा तुमची. चाक ढकलायच्या इंजिनाला आठशेपासून सहा हजार आरपीएमपर्यंत सगळीकडे बरं वागावं लागतं, सिग्नलला, घाटात, ओव्हरटेकला, म्हणून त्यात इतके वेगवेगळे टायमिंगचे खेळ घालावे लागतात. चार्जिंगच्या इंजिनाला यातलं काही नको. तीन सिलिंडर, आठशे सीसीच्या आसपास, साडेतीन हजार आरपीएमला वीस-बावीस किलोवॅट, एवढं पुरे. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव लांब ठेवा म्हणजे चेंबर आटोपशीर राहून उष्णता कमी पळेल. ॲटकिन्सन साहेबाने १८८० च्या दशकात जी कल्पना काढली तिचंच आजचं रूप करा, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद, कॉम्प्रेशन कमी पण एक्स्पान्शन पूर्ण, ताकद कमी मिळते तर मिळू दे, ताकद द्यायला मोटर आहे ना. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकाच जागेसाठी घासून ठेवा, व्हेरिएबल टायमिंगचा फाफटपसारा काढला की तेवढा खर्चही वाचतो. वॉटर पंप इलेक्ट्रिक, एसी इलेक्ट्रिक, पट्टा एकही नको, आमच्याकडे पट्ट्यात लाल मातीचा चिखल जाऊन जे किरकिरतं ते एकदा बंद होऊ दे. आणि स्टार्टर तर नकोच, जनरेटरच इंजिन फिरवतो, मग पेट्रोल सोडायच्या आधी पाच-सात सेकंद नुसतं फिरवून ऑइलचं प्रेशर वर आणा, थंड इंजिनाची अर्धी झीज तिथेच वाचेल असा माझा अंदाज आहे.

पेट्रोलचं म्हणाल तर आता सगळीकडे ई-२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणून लोक ॲव्हरेज पडलं म्हणून माझ्याशी भांडतात, जशी काय ऊस मीच लावला. पण इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठकठकणं) उशिरा येतं, मग नवीन इंजिन डिझाईन करताय तर कागदावरचा कॉम्प्रेशन रेशो तेरा-चौदापर्यंत नेऊन तो फायदा वसूल करा. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं हे विसरू नका, गुरुजींसारख्यांच्या टाकीत तेच पेट्रोल चार-चार महिने पडून राहणार. शेवरले व्होल्टमध्ये २०१० सालापासून टाकी सीलबंद होती, आणि इंजिन दीडेक महिना चाललंच नाही तर गाडी स्वतःहून थोडा वेळ चालवून घ्यायची, पेट्रोल वर्षभर जुनं झालं तर संपवून टाकायची. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. फक्त ते दहा मिनिटं थंडगार चालवण्याऐवजी ऑइल नव्वद डिग्रीला जाईपर्यंत चालवा, वेळ मोजू नका, ऑइलचं तापमान मोजा. टोयोटाने तर जुन्या प्रायसमध्ये गरम कूलंट थर्मासमध्ये भरून ठेवायची युक्ती केली होती, सकाळी इंजिन चालू करायच्या आधी तेच गरम पाणी हेडमध्ये सोडायचे. चहाच्या थर्माससारखं. इतकी साधी गोष्ट, आणि पावसाळ्यात सोन्यासारखी.

आता घाट. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाचा प्रश्न असतो, दादा एवढंसं इंजिन आंबा घाट चढेल का. चढेल. दीड टनाची गाडी पाचशे मीटर वर न्यायची तर निव्वळ उंचीचे दोन युनिट लागतात, चाळीसच्या स्पीडने सहा टक्के चढावर बारा-तेरा किलोवॅट चाकाला, म्हणजे वीसचं इंजिन घाट चढवून वर बॅटरीही थोडी भरेल. पुढच्या ट्रेलरला ओव्हरटेक करायला दहा सेकंद साठ किलोवॅट लागले तर ते बॅटरीतून, आणि ते सगळं मिळून एक षष्ठांश युनिटच होतं. अडचण कधी, तर बॅटरी तळाला गेल्यावरच इंजिन चालू करायचं असं तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलंत तर. बीएमडब्ल्यू आय-३ मध्ये स्कूटरचं ६४७ सीसीचं इंजिन होतं, युरोपात बॅटरी बरीच शिल्लक असतानाच ते चालू करून ठेवता यायचं, अमेरिकेत तिथल्या नियमामुळे बॅटरी अगदी संपत आल्यावरच चालू व्हायचं, मग लांब चढावर गाडी मरायची. इंजिन दोन्हीकडे तेच. म्हणून घाटाचं बटण द्या, घाटाखाली साखरप्याला दाबलं की इंजिन आधीच चालू.

आणि उलटंही तितकंच महत्त्वाचं आहे, वरून येताना. आंब्याच्या माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावरची वीज ठेवणार कुठे, ब्रेकच तापणार. दोन युनिटच्या उतारात पाऊण युनिटची बॅटरी पहिल्या चार वळणांत भरते, पुढे सगळं ब्रेक पॅडवर. गाडीत नकाशा आहे, जीपीएस आहे, पुढे घाट उतरायचाय हे गाडीला कळत नाही असं मला सांगू नका, सिनेमाची गाणी लावायला सगळं कळतं तिला.

मोठ्या हायवेला सतत शंभरने जाणाऱ्याला मात्र हे चार्जिंगवालं इंजिन तोट्याचं पडतं हे मी कबूल करतो, इंजिनातून जनरेटर, तिथून इन्व्हर्टर, मग मोटर, असं फिरत फिरत पंधरा-वीस टक्के वाटेत सांडतात, गिअरबॉक्स असता तर पाचच गेले असते. होंडाने सिटीमध्ये त्यासाठी क्लच ठेवलाय, हायवेला इंजिन सरळ चाकाला. पण आमचा हायवे तुम्हाला माहीत आहे. गणपतीत माणगावला जॅममध्ये चार तास एसी लावून बसलेल्या साध्या गाडीचं इंजिन तासाला लिटरभर पेट्रोल जाळतं, पायी चालणारे पुढे जातात, तिथे कसला क्लच न कसलं काय. एक गंमत सांगतो, निस्सानच्या २०२० च्या नोटमध्ये अशी सोय आहे की खडबडीत रस्ता लागला की गाडी ओळखते आणि टायरच्या आवाजात इंजिनाचा आवाज लपेल म्हणून तेव्हाच चार्जिंग करून घेते. जपानमध्ये ठीक आहे. आमच्याकडे ती गाडी पनवेल सोडल्यापासून सावंतवाडीपर्यंत इंजिन बंदच करणार नाही.

दोन गोष्टी अजून, मग थांबतो. या प्रकारच्या काही गाड्यांत इंजिन मागे खाली बसवतात, बसवा, पण हवा ओढायचं तोंड वर आणा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर आम्ही दोन महिने फक्त पाण्यात गेलेल्या गाड्या उघडत होतो, पाणी प्यायलेल्या इंजिनाचा वाकलेला कनेक्टिंग रॉड मी अजून टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. दुसरं, गाडीला तीन किलोवॅटचा प्लग द्या घराला वीज द्यायला. वादळ परत येणार आहे, २०२१ मध्ये तौक्ते आलंच. दारातल्या गाडीत बारा युनिटची बॅटरी असेल तर पंखे, दिवे आणि मोबाईल दोन-तीन रात्री सहज निघतात, आणि संपली की इंजिन अंगणात, उघड्यावर, पाऊण तास पूर्ण लोडवर चालून परत गप्प. माझ्या बहिणीच्या वाडीला रात्रभर पेट्रोल पिणारा तो जनरेटर लागणार नाही.

टॅक्सचा बहाणा सांगू नका, सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली पेट्रोल हायब्रीड अठरा टक्क्यांत बसते. मी सांगतोय ते इंजिन आठशेचं आहे.

आपला,
हायवेकडेचा एक गॅरेजवाला,
संगमेश्वर तालुका

ता.क. गुरुजींच्या गाडीचं ऑइल मी आता तीन हजार किलोमीटरलाच बदलतो. मागच्या आठवड्यात काढलेलं बाटलीत भरून ठेवलंय, तुमच्यापैकी कुणी गणपतीला गावी जाताना या बाजूने गेलात तर घेऊन जा आणि लॅबमध्ये लावून बघा, पाणी किती आणि पेट्रोल किती ते मला पण कळवा.